आधी यादी, मग होकार

२०२४च्या मे महिन्यातली गोष्ट. बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला माझा नातू एका दुपारी ओटीवर माझ्यासमोर येऊन बसला. बराच वेळ उगाच पंख्याकडे पाहत राहिला आणि मग एकदम म्हणाला, "आजोबा, मला कर्ज पाहिजे."

तीसेक वर्षे बँकेच्या नोकरीत हे वाक्य मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकले आहे की निवृत्तीनंतरही कान टवकारले गेले. किती, कशासाठी, कधी फेडणार, हे तीन प्रश्न माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडले. त्याला स्वतःच्या हाताने संगणक जुळवायचा होता. साधा नव्हे, गेम खेळण्याचा. खर्च पंचाहत्तर हजार. ओवाळणीचे, दहावीच्या बक्षिसाचे आणि शेजारच्या मुलांच्या शिकवण्यांचे मिळून तीस हजार त्याच्यापाशी साठले होते. पंचेचाळीस हजार कमी पडत होते.

त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या चिरंजिवांनी, आदल्या रात्रीच निकाल देऊन टाकला होता. गेम खेळायला पाऊण लाख? अभ्यासाला लागतो म्हणून लॅपटॉप घे, आत्ता चल. पोरगा त्यावर जेवणाच्या ताटावरून उठून गेला होता आणि घरात सकाळपासून कोणी कोणाशी धड बोलत नव्हते. राजोडीसारख्या गावात वाडीच्या एका टोकाला कोणी रागावले तर दुसऱ्या टोकाला कळते. तेव्हा हा प्रश्न एका यंत्राचा उरलेला नव्हता.

मी त्याला हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. म्हटले, "यादी घेऊन ये. प्रत्येक वस्तू, तिची किंमत आणि तीच का, याचे एका ओळीत कारण."

हे मी का म्हटले, त्याला एक जुने कारण आहे. ते आधी सांगून टाकतो.

१९९४ साली मी ठाणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. रंगराजन समितीच्या १९८४च्या अहवालानंतर बँकांमध्ये यंत्रे शिरू लागली होती, आणि ती आपल्या पोटावर पाय देणार या भीतीने आमच्यातल्या अनेकांनी काळ्या फिती लावल्या होत्या. मीही त्यांतला एक. अशा माणसापुढे एके दिवशी तेवीस-चोवीस वर्षांचा एक तरुण वहीतल्या कागदावर यादी लिहून आला. ४८६ जातीचा प्रोसेसर, चार एमबी रॅम, हार्ड डिस्क, मॉनिटर. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे, घरी जुळवायचे आणि गावातल्या डॉक्टरांना, वकिलांना, शाळांना संगणक विकायचे, असा त्याचा बेत होता. मागणी मोठी नव्हती. मी यादीवर एकदा नजर फिरवली. 'सुटे भाग तारण म्हणून ग्राह्य नाहीत. अधिकृत विक्रेत्याचे दरपत्रक नाही' असे लिहिले आणि अर्ज परत केला. नियमाने मी चुकलो नव्हतो. पण ती यादी मी वाचली नव्हती. त्याने प्रत्येक वस्तूपुढे बारीक अक्षरात काहीतरी लिहिले होते, एवढेच आठवते. काय लिहिले होते ते आठवत नाही, कारण मी ते पाहिलेच नाही. पुढे तो आखातात गेला असे ऐकले.

त्यामुळे नातवाची यादी मी वाचायची ठरवली होती.

दोन दिवसांनी ती आली. बँकेच्या भाषेत सांगायचे तर प्रकल्प आकर्षक होता आणि ताळेबंद लंगडा. पंचाहत्तर हजारांपैकी चाळीस हजार एकट्या ग्राफिक्स कार्डाचे. प्रोसेसर बारा, मदरबोर्ड साडेसात, रंगीत दिव्यांची रॅम साडेपाच, पाचशे जीबीचा एसएसडी साडेतीन. काचेच्या भिंतीचा, आत इंद्रधनुष्य फिरवणारा कॅबिनेट साडेचार हजारांचा. आणि या साऱ्या मांडवाला वीज पुरवणारा एसएमपीएस दोन हजारांचा. मॉनिटर नाही, यूपीएस नाही, कीबोर्ड-माऊसही नाही. मॉनिटर कुठे, असे विचारल्यावर म्हणाला, "टीव्ही आहे ना बैठकीत." आजीच्या मालिकांच्या वेळेचा त्याने विचार केला नव्हता.

मला कुक्कुटपालनाचे अर्ज आठवले. शेड मंगलोरी कौलांची, भिंती रंगवलेल्या, फाटकावर नाव. आणि कोंबड्यांच्या खाद्याला पैसा नाही. खेळत्या भांडवलाविना बुडालेले असे किती प्रकल्प मी पाहिले! कागदावर जे दिसायला हवे ते सगळे असते. ज्याच्यावर धंदा चालतो तेच नसते.

पण इथे माझ्या ज्ञानाची हद्द संपत होती. प्रोसेसर आणि कार्ड यांतला फरकही मला धड सांगता आला नसता. म्हणून मी त्याला म्हटले, आता तूच मला शिकव. पुढचे आठ दिवस रोज संध्याकाळी आमचा वर्ग भरला. विद्यार्थी सदुसष्ट वर्षांचा, गुरुजी अठराचे. त्या वर्गात मला जे उमगले ते इथे मांडतो, कारण अनेक घरांत आज ना उद्या ही यादी येणार आहे.

पहिली गोष्ट ही की, अशा संगणकाची निवड कार्डापासून नव्हे, पडद्यापासून सुरू करावी. पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे बनते. नेहमीच्या 'फुल एचडी' पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून थोडे अधिक ठिपके असतात. 'फोर के' पडद्यावर त्याच्या चौपट. प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते, आणि तेही सेकंदाला अनेकदा. साधा पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवतो. गेमसाठीचा १४४ किंवा त्याहून जास्त. म्हणजे एका चित्राला सात सहस्रांश सेकंदही मिळत नाहीत. तेव्हा पडदा केवढा, आणि त्यावर कोणते खेळ खेळायचे, हे ठरल्याशिवाय चाळीस हजारांचे कार्ड घेणे म्हणजे बोअरिंगला पाणी किती लागेल हे न पाहता पंपाची अश्वशक्ती ठरवण्यासारखे आहे. पोरगा खेळणार होता मुख्यतः 'व्हॅलोरंट'. २०२० साली आलेला हा खेळ कार्डावर फारसा भार टाकत नाही. त्याला चपळ प्रोसेसर आणि वेगवान पडदा हवा. टीव्हीवर तो खेळला असता तर चाळीस हजारांतले निम्मे वाया गेले असते. हे त्याच्याच तोंडून आले आणि त्याने स्वतःच कार्डापुढे लाल फुली मारली.

दुसरी गोष्ट जुळण्याची. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात आणि एका घराण्याचा प्रोसेसर दुसऱ्या घराण्याच्या सॉकेटमध्ये बसत नाही. रॅमचेही तसेच. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन पिढ्यांच्या पट्ट्यांची खाच वेगळ्या ठिकाणी असते. एकीच्या जागी दुसरी जात नाही. एएमडी कंपनीचा एएम४ सॉकेट जुना. सामान्य ग्राहकांसाठीचे रायझन प्रोसेसर २०१७मध्ये त्याच्यावरच आले. २०२२मध्ये त्याच्या जागी एएम५ आला. नवा घ्यावा तर बोर्ड महाग आणि रॅमही महाग. जुना घ्यावा तर पुढे वाढायला वाव कमी. मी सवयीने नव्याच्या बाजूने बोललो. तो म्हणाला, "आजोबा, पाच वर्षांनी वाढवू म्हणून आज दहा हजार जास्त घालायचे, तर ते दहा हजार आज कुठून आणू?" कर्जदाराने एवढा विचार केलेला पाहून मी तो मुद्दा सोडला.

तिसरी गोष्ट एसएमपीएसची, आणि इथे मात्र मी हटून बसलो. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेचे संगणकाला सोसेल अशा १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करणारी ही पेटी. ती खेळ वेगवान करत नाही, दिसत नाही, मित्रांना दाखवता येत नाही. म्हणून सगळी काटकसर तिच्यावर होते. पण ती बिघडली तर कधी कधी एकटी जात नाही; बरोबर बोर्डाला आणि कार्डालाही घेऊन जाते. स्वस्त पेट्यांवर ४५० किंवा ५०० वॅट असे ठळक छापलेले असते. तेवढा भार प्रत्यक्षात ती सतत पेलेलच असे नाही. '८० प्लस' ही खूण असली तर घेतलेल्या विजेपैकी निदान ८० टक्के कामी येते आणि उरलेल्याची उष्णता होते, एवढे कळते. ती खूण बचतीची आहे, सुरक्षिततेची नव्हे. म्हणून वॉरंटी किती वर्षांची तेही पाहावे. आमचा हिशेब असा झाला : निवडलेल्या कार्डाला १३२ वॅट, प्रोसेसरला ६५ ते ७६, बाकी पंखे, डिस्क वगैरे धरून अडीचशेच्या आसपास. तेव्हा चांगल्या जातीचा ५५० वॅटचा पुरे, आणि पुढे कार्ड बदलले तरी चालेल.

राजोडीत याला आणखी एक कारण आहे. समुद्र आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. खिडकीच्या बिजागऱ्या, सायकलची साखळी, गच्चीवरच्या तारा, सगळ्यांना खारा वारा खातो. पावसाळ्यात वीज जाते, येते, आणि येताना कधी झटका देऊन येते. म्हणून यंत्र घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घेतले. ते तपासणे चांगलेच झाले, कारण नातवाच्या खोलीतल्या प्लगात तिसऱ्या भोकामागे तार जोडलेलीच नव्हती! घर बांधून अठरा वर्षे झाली होती. यूपीएस यादीत आला तो त्याच दिवशी. तो तासभर खेळण्यासाठी नसतो. वीज गेल्यावर काम जपून यंत्र नीट बंद करायला जी चार-पाच मिनिटे लागतात, त्यांच्यासाठी असतो.

दुरुस्त यादी अशी झाली. रायझन ५ ५६०० प्रोसेसर बारा हजार, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड साडेसात, सोळा जीबी रॅम आठ-आठच्या दोन पट्ट्यांत चार हजार, एक टीबीचा एसएसडी साडेपाच, रेडिऑन आरएक्स ६६०० कार्ड एकवीस, एसएमपीएस साडेचार, जाळीच्या तोंडाचा बिनदिव्यांचा कॅबिनेट साडेतीन, चोवीस इंची वेगवान मॉनिटर साडेदहा, यूपीएस पाच, कीबोर्ड-माऊस दीड. बेरीज बरोबर पंचाहत्तर हजार. रॅम एकाच पट्टीत का नाही, तर दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते. हे कारण त्याने यादीत एका ओळीत लिहिले होते. मी कर्ज मंजूर केले. महिना अडीच हजारांचा हप्ता, ऑगस्टपासून, बिनव्याजी.

मेच्या अखेरीस आम्ही दोघे विरार लोकलने मुंबई सेंट्रलला उतरलो आणि चालत लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग; लोकांच्या तोंडी अजून जुन्या गव्हर्नराचेच नाव. आमच्या तरुणपणी हा रस्ता मिनर्व्हा, नाझ अशा चित्रपटगृहांचा आणि रेडिओच्या सुट्या भागांचा. पुढे नव्वदच्या दशकात घरोघरी जे 'असेम्बल्ड' संगणक आले त्यांचे हे माहेर. १९९४च्या त्या तरुणाने आपल्या यादीतल्या किमती इथल्याच एखाद्या गल्ल्यावर उभे राहून विचारल्या असतील, हे त्या गर्दीत माझ्या डोक्यात आल्यावाचून राहिले नाही.

एका ठिकाणी मोह झाला. चाळीस हजारांचे वाटावे असे कार्ड सतरा हजारांत, बिलाशिवाय. २०२१च्या सुमारास इथेरियम या आभासी चलनाच्या कमाईसाठी लोक अशी कार्डे रात्रंदिवस राबवत आणि त्यामुळे जगभर त्यांचे भाव भडकले होते. सप्टेंबर २०२२मध्ये त्या चलनाने आपली पद्धतच बदलली. कार्डांचे ते काम संपले आणि राबून थकलेली कार्डे बाजारात आली. सगळीच वाईट असतात असे नाही. पण कोणते किती राबले हे वरून कळत नाही. नातू माझ्याकडे पाहू लागला. मी एवढेच म्हटले, "बिल म्हणजे जामीनदाराची सही. सहीशिवाय मी कधी पैसे दिलेले नाहीत." त्याने कार्ड परत ठेवले. घेतलेल्या प्रत्येक वस्तूच्या बिलावर अनुक्रमांक लिहून घेतला. बोर्ड २०१८च्या पिढीचा आणि प्रोसेसर २०२२चा असल्याने बोर्डातली आज्ञावली नवी करून घ्यावी लागते, हे त्याला ठाऊक होते. तेही दुकानातच करून घेतले.

रविवारी जेवणाच्या टेबलावर मांडामांड झाली. धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची, प्रोसेसर जोर न लावता ठेवायचा, त्रिकोणाच्या खुणेला खूण जुळवायची. त्याचे हात थरथरत होते. चार तासांनी बटण दाबले. पंखे फिरले, दिवा लागला, पडदा काळाच. एक तास गेला, दोन गेले. पोराचा चेहरा उतरला. चिरंजीव आतापर्यंत वर्तमानपत्रामागे बसून होते. ते उठले, मोबाइलची बॅटरी पाजळली आणि "ते पुस्तक दे इकडे" म्हणून खाली बसले. बाप-लेक पाऊण तास पान उलटत, तारा तपासत जमिनीवर पालथे पडले होते. अखेर सापडले ते इतकेच : मॉनिटरची तार कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या भोकात खोचली होती. या प्रोसेसरला स्वतःचे चित्र काढता येत नाही. ते कार्डाचेच काम. तार बदलली, अक्षरे उमटली. पहिली सामान्य चूक हीच, असे मला मागाहून कळले. पण त्या दिवशी घरात पुन्हा बोलणे सुरू झाले ते त्या चुकीमुळे.

कोणी म्हणेल, एवढ्या खटाटोपापेक्षा तयार यंत्र घ्यावे. घ्यावे, जरूर घ्यावे. ज्याला वेळ नाही, आवड नाही, त्याने तेच करावे. पण सुटे भाग निवडून जुळवणे हा दुय्यम दर्जाचा उद्योग आहे, हा जो माझ्यासारख्यांचा समज होता, तो खोटा. अमेरिकेने हव्या त्या ताकदीचा महासंगणक द्यायला नकार दिल्यावर १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या लोकांनी इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे, बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर चिप घेतले, ते एकमेकांना जोडले आणि १९९१मध्ये 'परम ८०००' उभा केला. प्रत्येक चिप काही त्यांनी घडवली नव्हती. कोणता भाग घ्यायचा, कशाला जोडायचा आणि त्यांच्याकडून एकत्र काम कसे करून घ्यायचे, हे त्यांचे होते. माझा नातू काही महासंगणक करत नव्हता, हे मला कळते. पण निवड आणि जुळणी यांत बुद्धी लागते, हे दोन्हीकडे सारखेच.

राहिला प्रश्न गेमचा. तो खरा आहे. त्याला हसून उडवू नये. रात्री दोनपर्यंत पडद्यापुढे बसलेली मुले मीही पाहतो. मोबाइलवर पैसे लावून खेळण्याच्या नादात घरे अडचणीत आली, आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेला अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सना मात्र वेगळी मान्यता दिली, हेही लक्षात ठेवावे. आमच्या घरी नियम झाला : यंत्र बैठकीशेजारच्या खोलीत, दार उघडे, अकराला बंद. तो नियम चार-सहा वेळा मोडला गेला. वाद झाले. पण स्वतःच्या पैशाने, हप्ते अंगावर घेऊन जुळवलेल्या यंत्राकडे तो फुकट मिळालेल्या मोबाइलपेक्षा वेगळ्या नजरेने पाहतो. दर महिन्याला धूळ काढतो, पावसाळ्यात दमट हवेत ते दिवस-दिवस बंद पडून राहू नये म्हणून रोज थोडा वेळ तरी चालवतो. पहिल्या वर्षी त्याने त्याच्यावर लग्नाच्या दोन व्हिडिओंचे संकलन करून दिले आणि त्यातून तीन हप्ते भरले.

आज तीच यादी पंचाहत्तर हजारांत बसायची नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांना लागणाऱ्या चिपकडे कारखाने वळल्यामुळे २०२५च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव कडाडले. किमती बदलत राहतील, प्रोसेसरची नावे बदलतील. म्हणून वरचे आकडे कोणी डोळे मिटून उतरवून घेऊ नयेत. उचलायची ती पद्धत. पडदा आधी, कार्ड नंतर. न दिसणाऱ्या वस्तूंवर काटकसर नको. बिलाशिवाय खरेदी नको. आणि घरातल्या प्लगाची तिसरी तार एकदा तपासून घ्या. संगणक घेणार नसाल तरी.

आई-वडिलांना माझे सांगणे एवढेच आहे. अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी काही महाग मागू लागली की आपल्या तोंडात नकार तयार असतो. कधी कधी तो योग्यही असतो. पण तो देण्याआधी यादी मागा, आणि मागितली तर ती पूर्ण वाचा. पटली नाही तर नेमके काय पटले नाही ते सांगा. मुलांना नकार सोसतो. न वाचता दिलेला नकार सोसत नाही, आणि देणाऱ्यालाही तो तीस वर्षे पुरतो, हे मी अनुभवाने सांगतो.

आमच्या कर्जखात्याची वही माझ्या उशाशी असते. आजवर चौदा हप्ते आले आहेत, दोन चुकले. चुकलेल्यांची कारणे त्याने वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिली आहेत. मी ती वाचली आहेत.